हौदातला डाग

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. लेकी-जावई यायचे म्हणून चुडामण पाटलाने घरामागचा पोहण्याचा हौद उपसायला लावला होता. तापीकाठच्या त्या गावात हौस म्हणून पोहायला हौद बांधणारा पाटील हा एकटाच. आतून शंखाने घोटलेला पांढराशुभ्र चुना, उतरायला पायऱ्या, भरायला विहिरीची मोट. थोरला मुलगा सुपडू त्यात तासन्‌तास डुंबायचा. मागच्या पावसाळ्यात तो हिवतापाने गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हौदाच्या तळाला पहिला तांबडा डाग दिसला.

आज पाणी उपसलं गेलं तसे सगळेच डाग उघडे पडले. पाटील काठावर उभा राहून खाली पाहत होता.

"कोनी हात लावा पानीले?" त्याने विचारलं.

"कोनी बी नई लावा," त्याची बायको कौसाबाई म्हणाली.

"मंग डाग काय आकाशमाईन पडना? सुपडू व्हता तवय एक बी डाग नव्हता."

नाव कोणाचंच घेतलं नाही, पण घरातल्या साऱ्यांच्या नजरा गोठ्याकडे गेल्या. तिथे सुपडूची विधवा मंगला शेण भरत होती. वय सोळा, पदरात दीड वर्षाची मुलगी. नवरा गेल्यापासून तिला हौदाकडे जायची बंदी होती, देवघरात पाय ठेवायची बंदी होती, सणाच्या पाण्याला शिवायची बंदी होती.

पाटलाने निकाल दिला. "अखाजीनी सकायले तिले मळामातली झोपडीमा धाडी द्या. नातीले आठेच घरमा ठेवा. तिनी सावली पोरवर नको."

आणि जाण्यापूर्वी डाग मात्र तिनेच काढायचे होते. ज्या हाताने पाणी बाटतं म्हणायचं, त्याच हाताने हौद घासून घ्यायचा! विटाळाचं शास्त्र असं सोयीचं असतं. कामाच्या वेळी ते डोळे मिटून घेतं.

मंगला रिकाम्या हौदात उतरली. चिंचेचा कोळ आणि विटेचा भुगा घेऊन ती उन्हात घासत राहिली. वर पडवीत तिची मुलगी रडत होती, आणि तिला घ्यायला वर जायची मुभा नव्हती. कोपऱ्यातला गाळ काढताना तिच्या हाताला कठीण काहीतरी लागलं. घोड्याची जुनी नाल होती ती. मग दुसरी लागली, मग आणखी काही. प्रत्येक नालेखाली तिच्याच आकाराचा लालभडक डाग होता, आणि तिचा गंज तिथूनच तळावर पसरला होता.

चिंच आणून द्यायला कौसाबाई पायऱ्यांवर आली, तेव्हा मंगलाने नाल वर धरली.

"आत्याबाई, हाई देखा. डाग नालना शे. मन्ही पोरनी आन, मी पानीले हात नई लावा."

कौसाबाईने नाल ओळखली. त्या नाला तिनेच टाकल्या होत्या. मुलाला कोणाची तरी दृष्ट लागली, उरलेल्या घराला लागू नये, म्हणून ती दर अमावास्येला पाटलाच्या घोडीची एक जुनी नाल हौदात सोडायची. डाग दिसला की तिला वाटायचं, सुनेचा विटाळ वाढतोय. म्हणून पुढच्या अमावास्येला दोन सोडायची. आईच्या मायेनेच डाग पाडला होता आणि शिक्षा सुनेला होत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

"खोटं बोलस तू," कौसाबाई कशीबशी म्हणाली.

"मंग एक नाल वल्ला फडकामा गुंडाळीसन देवघरना ओटावर ठेवी देखा. मन्हा पाय तठे कधी पडना नई."

कौसाबाईने ठेवून पाहिली. अखाजीच्या आदल्या दिवशी तिने फडकं उचललं. नुकताच चुना दिलेल्या पांढऱ्या ओट्यावर तांबडा डाग उमटला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा? तरीही ती कोणाशी बोलली नाही. बोललं तर नवऱ्यासमोर, लेकी-जावयांसमोर स्वतःवर यायचं. तिने डागावर पाट ओढला आणि पुरण वाटायला बसली. त्या क्षणी मला तिचा राग येतो.

अखाजीची सकाळ झाली. पितरांच्या नावाने भरायच्या घागरी ओळीने मांडल्या होत्या; त्यात सुपडूची घागर पहिल्यांदाच होती. हौद पुन्हा काठोकाठ भरला होता. अंगणात गडी उदेसिंगने बैल जुंपले. मंगला एक बोचकं घेऊन गाडीत बसली. ती रडली नाही. पोर मात्र आजीच्या कडेवरून आईकडे झेपावत होती, आणि आजीची पकड सैल पडत चालली होती.

उदेसिंगने कासरा ओढला.

"थांब, उदेसिंग," कौसाबाई म्हणाली.

नातीला घेऊन ती गाडीपाशी गेली आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

"येडी व्हई गई का?" पाटील ओरडला. "लोके काय म्हनतीन?"

"डाग मी पाडेल शे. दर अमावास्याले हौदमा नाल मीच टाकस. देवघरमा पाट उचली देखा, तठे बी डाग शे. ज्यानी डाग पाडा त्यानी जावाना, हाऊ न्याय तुम्हनाच शे ना? मंग मी बी जास."

अंगणात जावई होते, लेकी होत्या, शेजारीही जमले होते. मोठी लेक देवघरात गेली आणि मान खाली घालून परत आली.

"आनि सुपडूनी घागर?" पाटलाचा आवाज उतरला होता. "ती कोन भरी?"

"त्यानी बायको गाडीमा बठेल शे. तिले इचारा."

पाटील अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसला. शेवटी मंगला स्वतःच गाडीतून उतरली. तिने नवऱ्याची घागर उचलली, हौदाच्या पायऱ्या उतरली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून ती भरली. साऱ्यांनी टाचा उंचावून पाणी पाहिलं. ते होतं तसंच होतं.

पाटील त्या दिवशी जेवला नाही. त्याची समजूत पटली असं सांगून मी वाचकांना फसवणार नाही. पण जुंपलेले बैल पुन्हा सोडले गेले, आणि पोर आईच्या कुशीत झोपली.

हौदातले डाग चिंचेने निघाले. आपल्या घरातही एखादा डाग कोणा मुक्या बाईच्या नावावर लावलेला असेल. तिला गाडीत बसवण्याआधी एकदा तळाशी हात घालून पाहा. तिथे आपल्याच हातची नाल सापडेल.