कढईतले प्लग

"अहो, काढा ते आधी! मला पिठाचे बोरसोक तळायचेत," मी ओरडले.

चुलीवर माझी कढई आणि कढईत चार स्पार्क प्लग. आमच्या म्हाताऱ्याने कांद्यासारखे परतायला घेतलेले. नाव त्याचं तुर्दाकुन, पण ते मी घेत नाही, मी आपली म्हातारा म्हणते. नारिनकडची थंडी ही. मागच्या साली माझी शिंक हवेतच गोठली, ती बर्फ वितळल्यावर खाली पडली आणि कोंबडी दचकली. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा. अशा थंडीत झिगुली गाडी चालू करायची म्हणजे प्लग काढून घरात आणायचे, तापवायचे आणि पळत जाऊन परत बसवायचे. सगळेच करतात. पण कुणाची गाडी अडली की हाक आमच्या म्हाताऱ्यालाच.

तेवढ्यात शेजारची बुरुल आली. डोक्यावर रुमाल नीट नाही, डोळे सुजलेले. गल्लीत म्हाताऱ्याला सगळे बाइके म्हणतात, म्हणजे दादा, आणि मला आपा, म्हणजे ताई.

"बाइके, आई नारिनच्या दवाखान्यात आहे. लगेच या म्हणून फोन आला. आणि गाडी चालूच होईना. सकाळपासून सेल्फ मारतेय, बॅटरी मरायला आली."

म्हातारा कढईकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "माझ्या गाडीतून सोडतो तुला. हे बसवले की निघू."

"नको हो. तिकडे किती दिवस राहावं लागेल, काय ठाऊक. पोरं, दवाखाना, डबे... मला गाडी हाताशी पाहिजे. तुम्ही फक्त बघा ना काय झालंय."

"अगं, माझीच घेऊन जा!"

"तुमच्या गाडीचा ब्रेक तुमच्याशिवाय कुणाला लागतो, बाइके?"

हे मात्र खरं होतं. तो ब्रेक म्हाताऱ्यासारखाच, ओळखीच्या माणसाचंच ऐकणारा.

म्हातारा तिच्या अंगणात निघाला, मी चहाची किटली घेऊन मागोमाग गेले. बुरुलचा नवरा इशेनबाय रशियात बांधकामावर असतो. जाताना गाडीची एक किल्ली आमच्याकडे ठेवून गेला होता, "बाइके, अधूनमधून चालू करत जा" म्हणून. म्हाताऱ्याने बॉनेट उघडलं, वायरी उपसल्या, पाना लावला. पहिला प्लग बाहेर आला तो काळाकुट्ट, पेट्रोलने ओला, टोक झिजून गेलेलं.

"अगं बाई," बुरुल म्हणाली, "हे तर नवे प्लग टाकून गेले होते. माझ्यासमोर बसवले."

"थंडीने... होतात असे," म्हातारा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, कंबर धरली असेल.

मग तो घराकडे पळाला. हो, पळाला! आणि कढईतले प्लग माझ्या लोकरी हातमोज्यात घालून घेऊन आला. एकेक प्लग आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्याने आवळला. बोटं भाजत होती, तरी हूं की चूं नाही. गाडी एका झटक्यात चालू झाली.

बुरुलने त्याचा काळा हात दोन्ही हातांत धरला. "स्वतःच्या गाडीचे काढून दिलेत, बाइके. हे मी विसरणार नाही."

ती पोहोचली तेव्हा आई जिवंत होती, पण बोलणं गेलेलं. सकाळी बोलत होती म्हणे, पोरीला विचारत होती. आईला माती देऊन परतल्यावर बुरुल आमच्याकडे रोटी घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्यामुळे निदान हात तरी धरता आला." त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

मी मात्र पोटभर बोलले. विहिरीवर, दुकानात, लग्नात. पहिल्यांदा सांगितलं, की म्हाताऱ्याने गरम प्लग हातांनी बसवले. मग लालभडक प्लग. पुढे पुढे तर तो निखारे ओंजळीत घेऊन डोंगर उतरला आणि गाडी नारिनपर्यंत पेट्रोलशिवाय गेली. लोक हसायचे, पण मान डोलवायचे. घरी म्हातारा म्हणायचा, "पुरे कर गं." मी म्हणायचे, "लाजताय काय नव्या नवरीसारखे!"

बर्फ वितळल्यावर इशेनबाय घरी आला. मेंढा कापला, सगळ्या गल्लीला बोलावलं. जेवणं झाल्यावर तो उठला. त्याच्या हातात काळ्या मखमलीचा, सोनेरी काठाचा, कापूस भरलेला चापान, मानाचा अंगरखा.

"माझ्या पाठीमागे बाइकेंनी माझं घर सांभाळलं," म्हणत त्याने तो म्हाताऱ्याच्या खांद्यांवर घातला.

म्हाताऱ्याने चापान सावरला नाही. हात खाली सोडून तसाच उभा राहिला.

"इशेनबाय, ते प्लग तुझेच होते. बाजारात धड मिळत नव्हते, म्हणून तुझ्या गाडीतले मी काढून घेतले. माझे झिजलेले तुझ्या गाडीत घातले. तू येण्याआधी परत बसवीन म्हटलं होतं. बुरुलला उशीर झाला तो माझ्यामुळे."

 कोपऱ्यातला पांढऱ्या दाढीचा एकजण फिसकन हसला. "लागली! आपाची थापा मारायची सवय बाइकेंनाही लागली!"

अख्खी बैठक हसली. इशेनबायच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. "काय पण माणूस! कौतुक नको म्हणून स्वतःला चोर ठरवतोय!" बुरुलही हसली, डोळे पुसत.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी उठले.

"हसू नका. खरं बोलतोय तो."

मग तर लोक मांड्या थोपटून हसले. कुणीतरी म्हणालं, "आपा, निखारे राहिले सांगायचे!"

मी खाली बसले.

इशेनबाय परत रशियाला गेला. थंडी आली. आता अंधार पडायच्या आत म्हातारा मखमली चापान घेऊन शेजारच्या अंगणात जातो, बॉनेट उघडतो आणि तो चापान इंजिनावर पांघरतो. अस्तर वर, मखमल खाली. कडा नीट खोचतो. सकाळी उठून आधी तिकडे जातो, प्लग काढून आणतो आणि मी न सांगता कढई पुढे करते.

रस्त्याने जाणारे थांबतात. "बघा, शेजारी असावा तर असा. अंगावरचा चापान गाडीला घालतो."

म्हातारा मान खाली घालून कुंपणाच्या मागच्या बाजूने घरी येतो. चापानाला आता तेलाचा वास लागलाय. मला लोक विचारतात, "आपा, काय ही गंमत?" मी म्हणते, "मला काय ठाऊक."