धुराची वेळ, अकरा ते बारा

कौन्सिलने आमची तक्रार निकालात काढली. धुराचा उगम सापडला: आमचंच घर. पण हे झालंच नाही असं धरू. आज नोव्हेंबरची पहिली तारीख आहे आणि मी अजून आशावादी आहे.

आमचं गाव मेडनहेडच्या पुढे, थेम्सच्या काठी. नाव सांगत नाही, शेजारी म्हणतात घरांचे भाव पडतील. थंडीत वारा पडतो, नदीवर धुकं येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. त्याच्याखाली अडकतो पलीकडच्या टोबीच्या शेकोटीचा धूर. टोबी ओली लाकडं जाळतो. घरात हीटिंग आहे. शेकोटी नुसती वातावरणनिर्मितीसाठी. वातावरण निर्माण करतो टोबी, श्वास घेते आमची निधी. वय तीन महिने. संध्याकाळी पाचनंतर तिची छाती फुटक्या भात्याच्या पेटीसारखी वाजते. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. कुठे ठेवू? फ्रिजमध्ये?

हवेच्या ॲपवर गाव हिरवंगार, कारण यंत्र अकरा मैलांवरच्या टेकडीवर आहे, मेंढ्यांत. मेंढ्यांची तब्येत उत्तम आहे.

टोबीला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण लाकूड नैसर्गिक असतं."

"विंचूही नैसर्गिकच असतो."

तो हसला. मग मी कौन्सिलला तक्रार केली. फोनवर हॅनाह नावाची ऑफिसर म्हणाली, "तपासणी मंगळवारी, अकरा ते बारा."

"धूर पाचला येतो."

"आम्ही साडेचारला बंद होतो."

मंगळवारी सकाळी बायकोने, सुमेधाने, आणि मी घर आवरलं. साहेब येणार म्हटलं की आपण आवरतोच. साहेब धूर बघायला येतोय, फरशी नव्हे, हे कळूनसुद्धा. जिन्याखालचं कपाटही उपसलं. तिथे मी महिनाभर आईपासून एक डबा लपवला होता, तो आवराआवरीत बाहेरच राहिला. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायची म्हणून आईने पुण्याहून आणलेल्या गोवऱ्यांचा. कस्टमवाल्याला तिने बिस्किटं सांगितली होती.

अकराला सुमेधा ऑफिसच्या कॉलवर आणि मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला. परत आलो तर धुराचा अलार्म ठणाणा बोंबलतोय. आईच्या मांडीवर निधी, पुढ्यात गोवरीचा निखारा, त्यावर ओवा. आणि माझ्या पाठोपाठ दारात हॅनाह, हातात धूर मोजायचं मीटर. आकडा दोनशे बारा. टोबीच्या चिमणीवर कावळा निवांत बसलेला.

"आई! धूर!"

"धूर नाही रे, धुरी. धुराचा त्रास होतो म्हणूनच देतेय. तुला रोज द्यायचे लहानपणी."

"म्हणून तर मी असा झालो!"

"ये गं बाई, बस," आई हॅनाहला म्हणाली. "किती खोकतेस! तुलाही देऊ?"

हॅनाहने मला धूर आणि धुरी यांतला फरक विचारला. मी म्हणालो, "एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी." तिने लिहून घेतलं.

तेवढ्यात निधी खोकली. थांबेचना. आईचा चेहरा उतरला. तिने निधीला माझ्याकडे दिलं, निखाऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि डबा उचलून म्हणाली, "टाकून दे हे. नको परत." पिढ्यान्‌पिढ्यांची रीत तिने एका मिनिटात विझवली. टोबीला सांगून सहा आठवडे झाले.

त्या दिवशी पाचला त्याची शेकोटी पेटली. पेटी वाजायला लागली. शुक्रवारी कौन्सिलचं पत्र आलं: उगम निश्चित, तक्रार बंद. बरं, झालं म्हणायचं मग. माझं उत्तर असं:

महोदया, अर्जदाराच्या मुलीला आठवड्याभराचा श्वास मंगळवारी अकरा ते बारा या वेळेत एकरकमी घेऊन ठेवता येईल अशी सोय करावी. ते शक्य नसल्यास, संध्याकाळी पाचनंतर थेम्सवरच्या वाऱ्याने श्री. टोबी यांच्या दिवाणखान्यातच वाहावे, असा लेखी आदेश वाऱ्याला देऊन त्याची प्रत अर्जदारास पाठवावी, ही नम्र विनंती.