राजा मानणारा जावई

आमच्या हर्षाला लोपातीशी लग्न करायचं होतं, आणि ह्यांचा एकच हेका: राजा मानणाऱ्या घरात मुलगी देणार नाही. आमच्याकडे लग्नात आधी संविधानाची प्रास्ताविका वाचतात. आणि पोरीने शोधला तुवालूचा मुलगा. प्रशांत महासागरातला, आमच्या वस्तीत मावेल एवढा देश, त्यालाही राजा!

होकार मिळवायला तिने आम्हाला नागपूरहून जर्मनीत ब्राउनश्वाइगला बोलावलं. दोघं तिथे एकाच इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करतात. रविवारी लोपाती जेवायला आला. शूज दाराबाहेर काढले, मला बरं वाटलं. ह्यांनी मात्र भात वाढायच्या आत तोंड उघडलं.

“तुमचा राजा लंडनला राहतो ना?”

हर्षा मध्ये बसून आमचं मराठी त्याला, त्याचं इंग्रजी आम्हाला सांगत होती. “हो,” लोपाती म्हणाला. “तोच न्यूझीलंडचा, आणखीही बऱ्याच देशांचा. पण आमच्यापुरता तो आमच्याच मंत्र्यांचं ऐकतो. त्याच्या वतीने सह्या करणारा गव्हर्नर जनरलही आमच्यातलाच असतो.”

“मग राजा ठेवलाय कशाला?”

“आमची बेटं नऊ. आजोबा म्हणायचे, जो कुठल्याच बेटाचा नाही, त्याच्यावरून भांडण होत नाही.”

हे कुत्सित हसले. माझं डोकंच फिरलं. पाहुण्याला असं हसतात का?

“अहो, आपल्या विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष कोण?”

अध्यक्षपदावरून दोन गल्ल्यांत हाणामारीची वेळ आली, तेव्हा ह्यांनीच भंडाऱ्याच्या भंतेजींना अध्यक्ष केलं होतं. ते वर्षातून एकदा येतात, खीर घेतात, सांगू तिथे सही करतात. कारभार सगळा ह्यांचा.

“भंतेजींना आम्ही बदलू शकतो,” हे पुटपुटले.

“गेनाऊ,” हर्षाच्या तोंडून जर्मन निघालं, “अगदी बरोबर, बाबा, तेच त्याला विचारते.”

“आम्हीही बदलू शकतो,” लोपाती म्हणाला. “दोनदा मतदान घेतलं. दोन्ही वेळा लोकांनी राजा ठेवला. माझ्या वडिलांनी विरोधात मत दिलं होतं. हरले.”

“मग?”

“मग काय? बहुमत झालं. त्यांनी मानलं.”

हर्षाने तेवढं ह्यांना मराठीत सांगितलं. युनियनमध्ये ‘बहुमत, बहुमत’ म्हणून जन्मभर टेबल आपटलेला हा माणूस भात कालवायला लागला.

“मत पडलं म्हणजे पडलं,” शेवटी हे म्हणाले. “आमच्या व्याह्यांना म्हणावं, नागपूरला या. पुढच्या मतदानाची तयारी मिळून करू.”

लोपाती हर्षाकडे बघत राहिला, बाबा काय म्हणाले ते ऐकायला. ती काही सांगेचना, नुसती रडत होती.