बावन्न मिनिटं

“हा लाल चौकोन कसला?” मालकांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

“तीच तर गंमत आहे, साहेब,” तो खुलून म्हणाला. “जुने कॅमेरे नुसते बघायचे. काही झालं की आपण तासन्‌तास रेकॉर्डिंग चाळत बसायचं. हे नेटला जोडलेले. माणूस जागा सोडून गेला की हे स्वतःच चौकोन काढतात. तुम्ही घरी असा, परगावी असा, निरोप मोबाईलवर हजर.”

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात त्याने आठ दिवसांच्या चाचणीसाठी सहा कॅमेरे बसवले होते. आज मालक होकार देणार होते. अकरा वर्षं शिडीवर चढून वायरी ओढल्यावर दोन महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला विक्रीच्या कामावर घेतलं होतं, आणि ही त्याची पहिली मोठी ऑर्डर.

ती मिळत होती मावशीमुळे. आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते या मावशीने. बावीस वर्षं ती इथे तपासणीच्या टेबलाशी उभी राहून एकेक बाटली उजेडात धरून बघत होती. तिच्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नसे. तिनेच सुपरवायझरबाईंच्या कानावर घातलं होतं, की कॅमेऱ्याचं काम करणारा एक चांगला मुलगा आहे. त्याला मात्र तिने बजावलं होतं, “तिथं मला ओळख दाखवू नकोस. लोक वशिला म्हणतील, तुझ्या कामाचं कौतुक राहील बाजूला.”

“एखादं उदाहरण दाखवा ना,” सुपरवायझरबाई म्हणाल्या.

यादीतली सगळ्यात लांब नोंद त्याने दाबली. लांब नोंदीची छाप चांगली पडते, असं त्याला शिकवलं होतं.

पडद्यावर खोक्यांच्या मांडणीमागचा कोपरा आला. भिंतीला धरत धरत एक बाई खाली बसली. तिने साडी गुडघ्याच्या वर सरकवली आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी गुडघा चोळायला लागली. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता, तरी ‘आई गं’ त्याला स्पष्ट ऐकू आलं. चेहरा दिसायच्या आधीच, तिच्या बसण्यावरून, त्याने तिला ओळखलं होतं.

“अगं बाई, काकूंनी तर बिऱ्हाडच थाटलंय तिथं!” मालकांशेजारी बसलेला हिशेबनीस म्हणाला. दोघं-तिघं हसले.

“रोज जातात?” मालकांनी विचारलं. “किती वेळ?”

‘मशीन आहे साहेब, सुरुवातीला चुका करतं,’ हे वाक्य त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकांना दहादा ऐकवलं होतं. आत्ताही ते जिभेवर होतं. पण बोटं आपल्या सवयीने चालली आणि पडद्यावर हिशेब आला.

“दिवसाला बावन्न मिनिटं, साहेब. सरासरी.” आणि कुणी विचारलं नसताना तो पुढे म्हणाला, “हवं तर छापून देतो.”

कुणीतरी घसा खाकरला म्हणून त्याने मागे पाहिलं. मावशी दारात उभी होती. नमुन्याच्या बाटल्या घेऊन तिला बोलावलं होतं, हे त्याला कुठे ठाऊक होतं! ती त्याच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. तिथे तिचा उघडा गुडघा हातभर मोठा दिसत होता. बघता बघता तिचा एक हात खाली गेला आणि तिने अंगावरची साडी खाली ओढली. साडी आधीच पावलांपर्यंत होती.

“काकू, बरं नसेल तर सांगायचं ना,” मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

“हो, साहेब.” तिने बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि ती गेली.

ऑर्डरवर सही झाली. सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवला.

पंधरा दिवसांनी कसल्याशा तक्रारीसाठी सुपरवायझरबाईंचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “तुमच्या पडद्यावरच्या काकू गेल्या हो सोडून. आम्ही नाही काढलं. त्याच म्हणाल्या, आता नजर काम देत नाही.”

रविवारी दुपारी तो मावशीकडे गेला. वाटेत त्याने सगळी वाक्यं जुळवली होती. दार उघडून ती म्हणाली, “ये. बस.”

तो बसला. “मावशी, माझं चुकलं.”

“कसलं चुकलं रे? तुझं कामच ते. चोख केलंस.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी बोलू शकलो असतो तिथं. जीभच—”

“जेवलास का?”

“जेवलो. तू बस ना.”

“बरी आहे मी उभी.”

ती वाळलेले कपडे झटकून घड्या घालायला लागली. ते संपल्यावर घडी घातलेलेच तिने पुन्हा उलगडले. कपाटाची कड धरून ती भार या पायावरून त्या पायावर घेत होती. समोर खुर्ची रिकामी होती.

“मावशी, बस गं.”

“तू बस की निवांत. पाहुणा आलास.”

या घराने त्याला पाहुणा कधी म्हटलं नव्हतं. तासभर तो बसून राहिला आणि तासभर ती उभी. आपण इथे आहोत तोवर ही बसणार नाही, हे त्याला फार उशिरा कळलं. तो उठला. बूट घातले. “येतो,” म्हणाला. ती “ये” म्हणाली आणि तिने दार लोटलं.

तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.