एका गाठोड्यातले कपडे

सरकारला उशिरा जाग येते, आणि आली की ते समिती नेमतं. खुनाच्या खटल्यांतला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचतो तरी कसा, हे तपासणाऱ्या अशाच एका समितीनं देवगाव रंगारीच्या सरूबाईला शहरात बोलावलं. तिचा मुलगा सांडू चुलत्याच्या खुनाबद्दल हर्सूलच्या जेलात जन्मठेप भोगत होता. त्याच्या सदऱ्यावर चुलत्याचं रक्त आहे, असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. कोर्टात तो वाचला गेला त्या दिवसापासून सरूबाईनं पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. पोरगा नाही-नाही म्हणत राहिला. पण मशीनचं कुणाशी वैर नसतं, ते कशाला खोटं बोलेल, असं तिचं म्हणणं.

समितीतल्या बाईंनी विचारलं, पोलिसांनी कपडे नेले कसे? सरूबाईनं हौसेनं सांगितलं. जमादाराकडं पिशवी नव्हती. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं. चुलत्याचं रक्तानं भिजलेलं धोतर आणि खुंटीवरचा सांडूचा सदरा तिनंच एकत्र गच्च बांधून दिला.

"सदऱ्यावर तेव्हा डाग होता?"

"मला तर नाय दिसला. मशीनला दिसला असंल."

बाई म्हणाल्या, "मावशी, ओलं रक्त शेजारच्या कापडाला लागतंच."

सरूबाईला उमगलं. पोराच्या अंगाला रक्त तिनंच लावलं होतं, आणि वर त्यालाच टाकून दिलं होतं. आता सुटंल का माझा सांडू, असं तिनं विचारलं. बाईंनी नजर चुकवली. कपडे अपिलानंतर नियमाप्रमाणं जाळले होते, पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. समितीचं काम शिफारस करण्याचं. यापुढं प्रत्येक कपडा वेगळ्या पाकिटात जाईल, एवढं मात्र नक्की होतं. मेल्यांना पाकिटं आत्ता सुचली, या विचारानं सरूबाईचं मस्तक भणभणलं.

ती तडक हर्सूलला गेली. जाळीपलीकडं सांडू आला, तर कानावरचे केस पांढरे झालेले. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. समितीच्या बाईच म्हणाल्या, तुझा गुन्हा नाही, हे तर तिनं दोनदा सांगितलं.

सांडूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रयोगशाळा म्हणली तव्हा तू मला खुनी धरलं. आता समिती म्हणली तव्हा पोरगा धरलं. मी इतकी वर्षं सांगत व्हतो, ते कुणाला सांगत व्हतो, माय?"

भेटीची वेळ अजून बरीच उरली होती, तरी सांडू उठून आत गेला.