चार बोटांची देवी

२००२ सालच्या आषाढात आजऱ्याकडच्या आमच्या गायरानावर गुरांपेक्षा माणसं जास्त होती. खुरट्या, फिक्कट गवतात दोन पावलं उमटली होती. काळपट हिरवी, दाट, आणि एकेका पावलात धडधाकट गडी आडवा झोपेल एवढी मोठी. टाच, तळवा, पाचही बोटं. भोवती नारळाच्या शेंड्या, कुंकवाचा चिखल आणि मधोमध आकाराम बुवा.

"लक्ष्मीआई चालत आली! पाऊल टेकलं तिथं गवत पेटलं!"

"पेटलं तर हिरवं कसं, बुवा?" मी विचारलं.

"आईचा जाळ हिरवाच असतोय! गप!"

लोकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला आमच्या गावाला कारण कधी लागलंच नाही.

बुवानं सांगितलं, पहिला चारा मानाच्या गाईला. मान अर्थातच दूध संस्थेचे चेअरमन गणपतराव यांचा. त्यांनी आपली जर्सी गाय दिवसभर पावलावर बांधून ठेवली. गाईनं तो कोवळा प्रसाद पोटभर खाल्ला. सांजेला ती धापा टाकत, थरथरत कोसळली आणि मेली.

बुवा डगमगला नाही. असली माणसं डगमगत नसतात, दुसऱ्याकडं बोट करतात.

"बौद्धवाड्यातल्या शालूबाईची म्हस काल पावलावरनं गेली. आई बाटली!"

झालं. शालूबाईच्या म्हशीला गायरान बंद आणि संस्थेत तिचं दूधही बंद. बाईचं सगळं घर त्या एका म्हशीवर चालायचं.

"म्हस गवत बघती, बुवा," शालूबाई भर चावडीत म्हणाली. "जात तू बघतोस."

तिची लेक संघप्रिया कोल्हापूरला शेती शिकत होती. बेंदराच्या सणाला घरी आली, थेट गायरानावर गेली आणि पावलातलं मूठभर गवत उपटून घेऊन आली.

"आये, हे देवीचं न्हाय, युरियाचं गवत हाय. कॉलेजात आम्ही चाऱ्याचे वाफे केलेत. एकाला युरिया, शेजारच्याला न्हाय. युरियाचा वाफा लांबनं असाच काळा दिसतोय. आपली म्हस मुतती तिथं हिरवा ठिपका उठतोय का न्हाय? तेच ह्ये."

"मग सांग की चावडीत."

"सांगून कोण ऐकतंय? दाखवाय पायजे."

शालूबाईनं डावा पाय पुढं केला. त्याची करंगळी वैरण कापायच्या कडबाकुट्टीत गेलेली. "मग ह्यो काढ."

बेंदराला अख्खं गाव बैलांची शिंगं रंगवण्यात आणि मिरवणुकीत गुंतलेलं असतं. त्या दिवशी गायरानावर चिटपाखरूही नसतं. भर दुपारी लेकीनं काठीनं आईचा पाय तेवढाच थोरला आखला, आईनं मुठीनं युरिया फेकला. पावसानं तो मुरवला.

पुढच्याच आठवड्यात बोंब उठली. तिसरं पाऊल! बुवा धावत आला. पाऊल बघून त्याचा चेहरा क्षणभर पडला, कारण हे आपण काढलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. पण समोर दक्षिणेचं ताट आणि भोवती गर्दी.

"चारच बोटं!" तो ओरडला. "आईनं गावासाठी करंगळी वाहिली!"

बायका रडल्या. नारळ फुटले. गणपतरावांनी चिखलात लोटांगण घातलं.

मागून शालूबाई आली, हातात म्हशीचा कासरा. लुगडं घोट्यावर धरून तिनं डावा पाय सगळ्यांपुढं टेकवला.

"मोजा बोटं. पाय माझा हाय. पडा पाया."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खोटं! आई कोपंल!" बुवा किंचाळला.

संघप्रिया शांतपणे म्हणाली, "बुवा, तुमाला गुंठाभर रान न्हाय. मग तुमच्या मठीमागं मी युरियाचं पोतं बघितलं, त्ये कशाला?"

आम्ही धावलो. पोतं निघालंच, आणि त्याच्या मागं भिंतीला टेकवलेला पाच बोटांचा, माणसाएवढा पत्र्याचा साचा.

गणपतरावांचा आवाज खाली आला. "म्हंजे माझी गाय..."

"काका, भरमसाट युरिया आणि वर ढगाळ हवा. असल्या कोवळ्या गवतात नायट्रेट साठतंय. गुरानं त्ये पोटभर खाल्लं की रक्तात प्राणवायू टिकत न्हाय, रक्त काळपट पडतंय. युरिया टाकल्यावर रान काही दिवस मोकळं ठेवायचं असतंय. तुमी त्यावरच गाय बांधलीसा. आमची म्हस नुसती चालत गेली, म्हनून वाचली."

गणपतराव कपड्यांवरचा चिखल पुसत म्हणाले, "शालूबाई, उद्यापासनं दूध घालाय ये."

"उद्या न्हाय. आज सांजंला."

लोकहो, देव मानायचा तर माना, तुमचं घर, तुमचा देव्हारा. पण रानात काही नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी खाली वाका, माती चाचपा आणि विचारा, इथं कुणी काय टाकलं? आणि नवलाचा दोष कुणी गरिबाच्या दारात नेऊन टाकला, तर आधी त्या बोट दाखवणाऱ्याच्या मठीमागं बघा. एवढं त्या दिवशी विचारलं असतं, तर एक मुकं जनावर जगलं असतं.

त्या सांजेला संस्थेत पहिली किटली शालूबाईची लागली. माप स्वतः चेअरमननी धरलं.