सतरा दात

"आ करा बाबा," म्हणत डॉक्टर तबस्सुम यांनी दिवा खाली ओढला आणि त्या तशाच थांबल्या. "दात कुठे गेले?"

भिमाजी खुर्चीत आ वासून आडवा पडला होता. त्याची बायको नवसाबाई लगबगीने पुढे आली. डॉक्टरबाई आता शाबासकी देणार अशी तिची खात्री होती.

"काढून टाकले ना! आमच्या मखमलाबादला फुकट शिबिर आलं व्हतं. दोन खेपंत सतराच्या सतरा काढले. म्हणलं, बाईंचं काम हलकं. आता घ्या माप."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. त्यांचा चेहरा पाहून नवसाबाई एक पाऊल मागे सरली.

भिमाजीच्या घोरण्याला अख्खी आळी हसायची. 'लागली मोटार' म्हणायची. लोकांना हसायला काय जातंय! मोटार चालू असली की नवसाबाई निर्धास्त असे. ती मधेच बंद पडली की हिचा जीव टांगणीला लागे. मग ती नवऱ्याला गदागदा हलवायची आणि एक आचका देऊन त्याचा श्वास परत यायचा. अशी सात वर्षं गेली. दिवसाही त्याचा डोळा लागायचा. दसऱ्याच्या आधी झेंडूचे क्रेट घेऊन फुलबाजारात निघालेला हा गृहस्थ चालत्या मोटारसायकलीवर झोपला आणि फुलांसकट नाल्यात गेला. मग छातीच्या डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून तपासणी केली. झोपेत तासाला छत्तीस वेळा श्वास बंद पडतो आणि एक दिवस तो परत सुरू होणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हवेचं मशीन दिलं, पण तोंडावरच्या मास्कने भिमाजीचा जीव घाबरायचा. मुसकं बांधल्यागत वाटतं म्हणत तो ओढून टाकायचा. शेवटी छातीच्या डॉक्टरांनीच इंदिरानगरच्या या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पहिल्या भेटीत यांनी तोंड तपासलं, सतरापैकी पंधरा दात चांगले घट्ट आहेत म्हणाल्या आणि झोपताना तोंडात बसवायच्या साधनाचं माप पुढच्या वेळी घेऊ म्हणून सांगितलं.

माप म्हटल्यावर नवसाबाईला आपल्या आईची कवळी आठवली. तेव्हा आधी सगळे दात उपटले होते आणि हिरड्या भरल्यावर माप घेतलं होतं. तिच्या लेखी दातांचं माप म्हणजे तेच. शिबिरातल्या पोरगेल्या डॉक्टरला तिनं ठणकावून सांगितलं, मोठ्या बाईंनीच काढायला सांगितलेत.

"मावशी, ते साधन दातांवरच बसतं हो," डॉक्टर म्हणाल्या. "वरच्या दातांना धरून खालचा जबडा पुढे ओढून ठेवतं, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. आता धरणार कशाला?"

"मग कवळी करा. तिच्यावर बसवा."

"कवळीच सुटून येईल. जबडा ओढण्याएवढी पकड तिला नसते." मग त्यांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं काढायला?"

नवसाबाई काही बोलणार एवढ्यात भिमाजी खुर्चीत उठून बसला.

"मीच म्हणलं. दुखत व्हते." नुसत्या हिरड्यांनी त्याचे शब्द बोबडे निघत होते. "हिचा काय संबंध नाय."

डॉक्टरांनी एकवार दोघांकडे पाहिलं. "चूक माझीही आहे. नीट समजावून सांगायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या आणि छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला बसल्या. नुसत्या नाकावर बसणारा लहान मास्क मिळतो, तो सोसतो का ते बघा, म्हणाल्या. भिमाजीने मान हलवली. तो कशालाही मान हलवायचा.

परतीची बस द्वारकेच्या चौकात अडकली. नवसाबाई इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"खोटं कशापायी बोलले तुमी?"

"काय खोटं?"

"तुमी म्हणत व्हते, दोन दिस थांब, बाईंना इचारू. म्याच म्हणलं, तुमाला काय कळतंय."

"तू का माझ्या वाईटावर व्हतीस?" भिमाजी म्हणाला. "त्या बाईसमोर तुला कशाला खाली बघाया लावू?"

माफी मागायची रीत त्यांच्या घरात नव्हती. नवसाबाईनं पदर तोंडाला लावला आणि भर बसमध्ये रडली. पोटच्या पोराचा घास हिसकावून घ्यावा तसं तिला झालं होतं. वाचवायला गेली आणि स्वतःच्या हातानं वाट बुजवून बसली.

"रडू नको. लोक बघत्यात," तो म्हणाला. "सात वर्सं झाली, तुझ्या डोळ्याला डोळा नाय. जरा झोप. निमाणीचा थांबा आला की उठवतो. मी जागा हाय."

त्याचं मन राखायला तिनं डोळे मिटून घेतले. बस दोन हात पुढे सरकून पुन्हा थांबली. एवढ्यात शेजारी घोरणं सुरू झालं. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. आवाज चढत गेला, फाटला आणि एकाएकी थांबला. चौकात हॉर्न वाजत होते. नवसाबाईनं डोळे उघडले नाहीत. तिचं कोपर आपसूक त्याच्या बरगडीत गेलं.

भिमाजीनं मोठा आचका देऊन श्वास घेतला.

"जागा हाय मी," तो म्हणाला. "तू झोप."